नाणेफेकीला कोण गेले? : चौरंगी सामने, पालवणकर बंधू आणि आपली समीक्षा

मुंबईच्या चौरंगी आणि पंचरंगी क्रिकेट सामन्यांविषयी आजवर जे लेखन झाले आहे, त्यात प्रामुख्याने दोन सूर ऐकू येतात. पहिला सूर स्मरणरंजनाचा आहे. मैदानाभोवतीचे तंबू, लोटलेली गर्दी, गाजलेली शतके यांत तो रमतो. दुसरा सूर निषेधाचा आहे. धर्माच्या नावाने संघ उभे करणे राष्ट्रीय ऐक्याला घातक होते, ते सामने बंद पडले हे बरेच झाले, असे तो सांगतो. वरवर पाहता हे दोन सूर परस्परविरोधी आहेत. पण एका बाबतीत दोघांचे पूर्ण एकमत आहे. 'हिंदू' नावाचा जो संघ मैदानात उतरत होता तो आतून एक होता, असे दोघेही गृहीत धरतात. माझा आक्षेप या गृहीतावर आहे.

मराठीत या सामन्यांना 'जातीय सामने' म्हटले जाई. ज्यांनी हा शब्द वापरला त्यांच्या मनात हिंदू, मुसलमान, पारशी हा भेद होता. महार, चांभार, ब्राह्मण, प्रभू हा नव्हता. शब्द जातीचा आणि अर्थ धर्माचा, अशी ही मराठी भाषेची सोय आहे. या सोयीमुळे 'जातीयतेला विरोध' करणारा माणूस जातीविषयी एक अक्षरही न बोलता पुरोगामी ठरू शकतो. चौरंगी सामन्यांवरील निषेधाचे बरेचसे लेखन या सोयीचा लाभ घेणारे आहे.

प्रथम स्पर्धेचे स्वरूप पाहू. पारशी आणि युरोपियन यांच्यातील सामने एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. १९०७ साली हिंदूंचा संघ आला आणि सामने तिरंगी झाले. १९१२ साली मुसलमानांचा संघ आला आणि ते चौरंगी झाले. १९३७ साली 'बाकीचे' या नावाचा पाचवा संघ आला, तेव्हा ते पंचरंगी झाले. १९४५-४६च्या हंगामानंतर ते कायमचे थांबले. पद्धत बादची होती. हरला तो बाहेर. आज फुटबॉलच्या बाद फेरीत देशादेशांचे संघ ज्या आवेशाने उतरतात, त्याच आवेशाने हे संघ उतरत. प्रत्येक संघाच्या मागे आपण एक स्वतंत्र समाज, जवळजवळ एक स्वतंत्र राष्ट्र आहोत, असा दावा उभा होता.

या तारखांशेजारी राजकारणातील तारखा ठेवून पाहाव्यात. १९०९च्या सुधारणांनी मुसलमानांना विभक्त मतदारसंघ मिळाले आणि तीन वर्षांनी मैदानावर त्यांचा विभक्त संघ आला. १९३२ साली पुणे करार झाला. १९३७ साली त्या कराराप्रमाणे राखीव जागांच्या निवडणुका झाल्या आणि त्याच वर्षी पंचरंगी सामने सुरू झाले. मैदानावरचे संघ कायद्याने घडवले असे मला म्हणायचे नाही. पण माणसांची मोजदाद करण्याची रीत दोन्हीकडे एकच होती. आणि त्या मोजदादीत अस्पृश्यांची जागाही दोन्हीकडे एकच ठरली: त्यांचा स्वतंत्र संघ नाही, ते हिंदूंच्या आकड्यात.

म्हणून बाळू पालवणकर यांची कथा ही निव्वळ एका थोर गोलंदाजाची कथा नाही. 'हिंदू' या शब्दात आपल्याला कोणत्या अटींवर घेतले गेले, याचे ते लेखी आणि तारीखवार उदाहरण आहे.

चांभार कुटुंबातील हा मुलगा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात युरोपियनांच्या क्लबात दरमहा चार रुपयांवर राबत होता. खेळपट्टीवर रोलर फिरवणे, रेघा आखणे, सरावाच्या जाळ्या उभारणे ही त्याची कामे. साहेबांना सरावासाठी गोलंदाज हवा होता म्हणून त्याच्या हाती चेंडू आला. ग्रेग नावाच्या इंग्रज फलंदाजाला त्याने तासन्‌तास चेंडू टाकले आणि त्या श्रमातून त्याची डावखुरी फिरकी घडली. बॅट मात्र त्याच्या हाती दिली जात नसे. चेंडू टाकणे हे श्रम, बॅट धरणे हा मान, अशी ही विभागणी होती. वर्णव्यवस्थेने श्रम आणि प्रतिष्ठा यांची जी फारकत केली तीच गोऱ्या साहेबाच्या जाळीत पुन्हा अवतरली, आणि त्यासाठी साहेबाला मनुस्मृती वाचावी लागली नाही.

पुण्याच्या हिंदूंनी बाळूंना संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला. अखेर घेतले, कारण युरोपियनांना हरवायचे होते. मैदानावर एकच चेंडू बाळूंच्या हातातून ब्राह्मण क्षेत्ररक्षकाच्या हातात आणि तेथून पुन्हा बाळूंच्या हातात जात होता. चहाच्या वेळी मात्र संघ आत आणि बाळू बाहेर, हातात मातीचे वेगळे भांडे. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तो चेंडू कातड्याचा होता. ज्या कातड्याच्या कामामुळे बाळूंची जात अपवित्र ठरली, ते कातडे हाताळताना कोणाचा विटाळ झाला नाही. मेरठ-जालंधरकडे आजही चेंडूचे कातडे कमावणारे आणि शिवणारे हात बहुतांशी आपलेच आहेत. विटाळ वस्तूचा नसतो, माणसाचा असतो. आणि तोही लाभाच्या वेळी बाजूला ठेवता येतो, हे त्या मातीच्या भांड्याने सिद्ध केले.

१९०६च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदूंच्या संघाने युरोपियनांवर १०९ धावांनी विजय मिळवला. बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम हे दोघेही त्या संघात होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो हिंदी संघ इंग्लंडला गेला, तो एकंदरीत दुबळा ठरला. पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्याच उन्हाळ्यात, २९ जुलै १९११ रोजी, कलकत्त्यात मोहन बागानच्या फुटबॉल संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शिल्ड जिंकली. त्या संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. तो अनवाणी विजय राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात सन्मानाने नोंदला गेला. त्याच मोसमात साहेबाच्या भूमीवर साहेबाचे गडी बाद करणारा अस्पृश्य मात्र त्या इतिहासाच्या समासातही दीर्घकाळ आला नाही. राष्ट्राची आठवणसुद्धा निवड समितीप्रमाणेच वागते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बाळूंना संघात घेतले, याचा उल्लेख बहुतेक सगळे करतात. 'अखेर प्रतिभेने जातीवर मात केली' अशा अर्थाचे वाक्य त्यापाठोपाठ येते. परंतु संघात घेणे ही समतेची कसोटी नव्हे. अस्पृश्यांना कामासाठी घेण्यास हा समाज कधीच नाही म्हणाला नाही. गावगाड्यात महार होता, मांग होता, चांभार होता, कारण त्यांच्यावाचून गाव चालत नव्हते. समतेची कसोटी वेगळी आहे. संघाचा कर्णधार कोण? नाणेफेकीला कोण जातो? क्षेत्ररक्षक कुठे उभे राहतील हे कोण सांगतो, आणि ते ऐकून कोण हलतो?

या कसोटीवर चौरंगी सामन्यांची नोंद अशी आहे. १९१३ साली हिंदू संघाचे कर्णधार म. द. पै यांनी सत्कार प्रसंगी स्वतःच सांगितले की हा मान बाळूंना मिळायला हवा होता. पै यांचा हा मोठेपणा खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पण त्यानंतरही कर्णधारपद बाळूंकडे आले नाही. १९२० साली बाळूंना प्रथम वगळले गेले. आणि पै आजारी असता नेतृत्वासाठी विठ्ठल पालवणकरांना डावलून पुण्याच्या देवधरांचे नाव पुढे आले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी जाहीर निवेदन करून संघातून अंग काढून घेतले. अंतिम सामन्यासाठी त्यांना परत बोलवावे लागले. बाळूंना उपकर्णधार केले गेले. पै काही वेळ मैदान सोडून गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी संघ चालवला. आयुष्यभराच्या गोलंदाजीबद्दल हिंदू संघाने बाळूंना दिलेले नेतृत्व ते एवढेच: उसने आणि काही वेळेपुरते. पुढे १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. त्या वर्षी हिंदूंचा संघ जिंकला आणि लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर घेतले.

१९२० ते १९२३ या काळात काय घडले? गांधींच्या अस्पृश्यतानिवारणाच्या प्रचाराने हिंदू मत नरमले, असे एक उत्तर दिले जाते. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण या उत्तरात एक पायरी गाळली जाते. प्रचार हवेत होता, तरी १९२० साली निवड समितीने डावललेच. समिती हलली ती दोन भावांनी खेळायला नकार दिल्यानंतर. महाडचे चवदार तळे १९२७चे. त्याच्या सात वर्षे आधी मुंबईच्या मैदानावर अस्पृश्य माणसांनी, आमच्या श्रमावर तुमचा संघ उभा आहे आणि तो श्रम आम्ही काढून घेऊ शकतो, हे सवर्णांना दाखवून दिले होते. हा संप होता. आपल्या चळवळीच्या इतिहासात त्याला संप म्हणून जागा मिळाली पाहिजे.

ही गाळलेली पायरी चित्रपटाने कशी भरली ते पाहण्यासारखे आहे. २००१ साली आशुतोष गोवारीकर यांचा 'लगान' आला. त्यातील कचरा हे अस्पृश्य फिरकी गोलंदाजाचे पात्र पाहताना अनेकांना बाळूंची आठवण झाली. माझ्या विद्यार्थ्यांना हा चित्रपट फार आवडतो आणि त्यांची आवड मी समजू शकतो. आपल्यासारखा एक माणूस पडद्यावर इंग्रजांच्या दांड्या उडवतो आहे, हे दृश्य अजूनही दुर्मिळ आहे. पण समीक्षेचे काम टाळ्या थांबल्यानंतर सुरू होते.

कचऱ्याचा एक हात अधू आहे आणि त्या अधूपणातूनच चेंडू वळतो. म्हणजे कौशल्य हे व्यंग आहे. ते त्याने मिळवलेले नाही, त्याला जडलेले आहे. कथा १८९३ सालात घडते. त्याच दशकात पुण्यात खराखुरा अस्पृश्य गोलंदाज धडधाकट हाताने, रोजच्या राबण्यातून, बोटांना वळण लावीत होता. दुसरे असे की कचरा स्वतःसाठी बोलत नाही. त्याची बाजू मांडतो तो नायक भुवन, आणि भुवनच्या भाषणाने गाव विरघळते. प्रवेश हे दान ठरते आणि दाता सवर्ण ठरतो. पालवणकरांच्या इतिहासात नेमके उलटे आहे: तेथे डावललेल्यांनी स्वतः तोंड उघडले, स्वतः नकार दिला, आणि समितीला मागे यावे लागले. कचरा बळी घेऊ शकतो, पण तो कर्णधार होईल ही कल्पना त्या कथेत शिरूच शकत नाही. सवर्ण उदारमतवादाची झेप जेथे संपते तेथे 'लगान' संपतो.

सवर्णांच्या विस्मृतीवर बोट ठेवणे सोपे आहे. आपल्या विस्मृतीचे काय? बाळूंचे नाव आपल्या सभांतून, जयंतीच्या व्याख्यानांतून फारसे ऐकू येत नाही. त्याचे कारण आपण जाणतो. १९३२च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत बाळू होते, आणि त्या प्रसंगी ते गांधींचे प्राण वाचवावेत या बाजूचे होते. त्यानंतर ते मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत हिंदू महासभेतर्फे उभे राहिले. १९३७ साली मुंबईत काँग्रेसने त्यांना खुद्द बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. बाबासाहेब निवडून आले आणि बाळू आपल्या स्मृतीतून बाद झाले. येथेही पद्धत बादचीच!

बाळूंचे ते राजकारण चुकीचे होते असे माझे स्पष्ट मत आहे. पण चुकीचे म्हणून ते समजून घ्यायचे नाही काय? ज्या माणसाने वर्षानुवर्षे 'हिंदू' या नावाच्या संघातून खेळत, आतून ढकलत ढकलत, धाकट्या भावाला कर्णधारपदापर्यंत पोहोचलेले पाहिले, त्याला संयुक्त मतदारसंघाचा मार्ग शक्य वाटला तर नवल नाही. त्याचा अनुभवच तो होता. बाबासाहेबांचा अनुभव आणि अभ्यास त्यांना वेगळ्या निष्कर्षाकडे घेऊन गेला: ज्या संघात आपण कायम विनंती करणारे आहोत तो आपला संघ नव्हे. १९३५ साली येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. १९३७ची ती लढत दोन व्यक्तींची नव्हती. संघात राहून कर्णधारपद मागायचे की संघच सोडायचा, या दोन मार्गांची ती लढत होती. अशी लढत समजून न घेता आपण तिला निष्ठा आणि फितुरी यांच्या चौकटीत बसवले, तर आपली समीक्षा दरबारी होईल. ज्या ११,२२५ माणसांनी बाळूंना मत दिले, तीही या मुंबईचीच माणसे होती.

पंचरंगीतील पाचव्या संघाची गोष्ट या संदर्भात उद्‌बोधक आहे. 'बाकीचे' या संघात हिंदी ख्रिश्चन, अँग्लो-इंडियन, ज्यू, बौद्ध अशांची सोय होती. विजय हजारे सांगलीचे, धर्माने ख्रिश्चन, म्हणून ते 'बाकीचे'. १९४३-४४च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध त्यांच्या संघाच्या ३८७ धावा झाल्या. त्यांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. तरीही संघ हरला. हे सामने थांबल्यावर दहा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, आपण नागपुरात बौद्ध झालो. सामने चालू असते तर आपणही 'बाकीच्यां'त गेलो असतो. हिंदूंच्या आकड्यातून बाहेर पडणाऱ्याला या देशात पहिले नाव मिळते ते 'बाकीचे' हेच. आपल्या साहित्यालाही प्रथम तेच नाव मिळाले होते.

साहित्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक मुद्दा. विठ्ठल पालवणकर यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले आणि ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. दलित आत्मकथनांचा विचार आपण दया पवारांच्या 'बलुतं'पासून, म्हणजे १९७८पासून सुरू करतो. मग 'आठवणींचे पक्षी', 'उपरा', 'तराळ-अंतराळ', 'उचल्या' असा क्रम लावतो. त्या क्रमात विठ्ठलांचे नाव मला कोणत्याही पाठ्यक्रमात शिकवताना भेटले नाही. 'बलुतं'च्या तीस वर्षे आधी एका चांभाराने मराठीत स्वतःचे आयुष्य लिहावे, आणि मराठी वाचकाला पालवणकरांचे महत्त्व पटण्यासाठी २००२ साली रामचंद्र गुहांच्या इंग्रजी पुस्तकाची वाट पाहावी लागावी, ही स्थिती मराठीच्या अध्यापकांना भूषणावह नाही. गुहांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण आपल्या घरातला कागद दुसऱ्याने दाखवेपर्यंत आपण कपाट का उघडले नाही? विद्रोह ज्यात मोठ्याने बोलतो तेच लेखन दलित, असा निकष आपण नकळत लावला काय? खेळाडूचे आत्मचरित्र म्हणजे खेळाचे पुस्तक, असे म्हणून ग्रंथपालाने ते दुसऱ्या फळीवर ठेवले आणि आपणही ते तेथेच राहू दिले. दलित आत्मकथनाची व्याख्या नव्याने करताना या पुस्तकापासून सुरुवात करून पाहावी, अशी माझी संशोधक विद्यार्थ्यांना सूचना आहे.

हे सगळे जुने झाले, आता वर्णाच्या नावाने संघ उतरत नाहीत, असे कोणी म्हणेल. मी सिंधुदुर्गातल्या नांदगावात राहून हे लिहितो आहे. आमच्याकडे भातकापणी झाली की मोकळ्या मळ्यांत क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात. प्रवेश फी भरायची, टेनिसचा चेंडू, मर्यादित षटके, बाद पद्धत. ढाल बहुधा एखाद्या चाकरमान्याने दिलेली. संघ वाड्यांचे असतात. आणि कोकणात वाडी म्हणजे काय हे कोणाला सांगायला नको. वाडीच्या नावात जात असते. नसली तरी सर्वांना ठाऊक असते. डिसेंबर २०२०मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे. पण ज्या दिवशी वाड्यांची नावे बदलतील त्या दिवशी संघ बदलतील काय?

दोन वाड्यांचा सामना असतो तोपर्यंत आमचा संघ आमचा असतो. कर्णधार आमचा, हार आमची, जीतही आमची. खरा प्रश्न निर्माण होतो तो गावाचा एक संघ तालुक्याला जातो तेव्हा. माझ्या कॉलेजच्या दिवसांत बौद्धवाडीतला एक वेगवान गोलंदाज गावाच्या संघातून खेळे. नवा चेंडू त्याच्या हाती असे. सामने जिंकून दिले त्याने. पण संघ कोणाच्या अंगणात बसून ठरे, तेथे त्याला बोलावणे नसे. सामन्याच्या सकाळी निरोप यायचा. आम्ही वाडीतले दोघेतिघे शिकत होतो, घराण्यातले पहिलेच कॉलेजात गेलेले. आम्हाला त्यात अपमान दिसे, त्याला तो दिसत नसे. मला निवडतात ना, मग झाले, असे तो म्हणे. पुढे एका वर्षी त्याने निरोप घेऊन आलेल्याला सांगितले, संघ ठरवताना बोलवा, नाहीतर दुसरा बघा. त्या वर्षी गावाचा संघ त्याच्याशिवाय गेला. त्याला बाळू कोण, विठ्ठल कोण, हे माहीत असण्याचे कारण नव्हते. माहीत असते तर आपण एकटे नाही एवढे तरी त्याला कळले असते. आपल्या इतिहासलेखनाचा आणि समीक्षेचा उपयोग याहून मोठा असावा असे मला वाटत नाही, आणि याहून लहानही असू नये.

महात्मा गांधींनी १९४० साली या धर्मवार सामन्यांविरुद्ध मत दिले. पुढे ते बंद झाले आणि प्रांतवार संघांची रणजी स्पर्धा, जी १९३४ सालीच सुरू झाली होती, ती एकमेव मुख्य स्पर्धा उरली. ते योग्यच झाले. धर्माच्या नावाने संघ असू नयेत याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण पाटी बदलली तेव्हा एक प्रश्नही पुसला गेला. चौरंगीत 'हिंदूंचा कर्णधार अस्पृश्य का नाही?' असे विचारता येत होते, कारण हिंदू हे नाव पाटीवर लिहिलेले होते. पाटीवर प्रांत आला, देश आला, आणि तो प्रश्न विचारणाराच जातीयवादी ठरू लागला. जात संघातून गेली नाही. संघाविषयीच्या बोलण्यातून गेली.

म्हणून आपण हा प्रश्न पुन्हा भाषेत आणला पाहिजे. खेळाचा संघ असो, साहित्य संमेलनाची समिती असो, कॉलेजचा विभाग असो की परिवर्तनवादी म्हणवणारी संघटना असो. आपल्यातले किती जण आत घेतले, हे मोजून थांबू नये. निर्णयाच्या वेळी कोण उभे होते ते विचारावे. आणि हा प्रश्न आपल्या घरातही विचारावा: आपल्या संघटनांत मातंग, चांभार, भटके यांना नवा चेंडू मिळतो की नाणेफेकही मिळते? आपल्या स्त्रियांना काय मिळते? पालवणकरांना न्याय द्यायचा असेल तर त्यांचे पुतळे उभारण्याआधी त्यांचा प्रश्न आपल्याला लागू करून घ्यावा लागेल.